गाणे कोणाचे?

(पाचोड, ता. पैठण येथे झालेल्या व्याख्यानमालेत छत्रपती संभाजीनगर येथील एका ज्येष्ठ वकिलांनी केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



पाचोडला येताना गाडीत गाणी चालू होती. मोसंबीच्या बागा मागे पडत होत्या आणि चालक आपल्या मोबाईलमधून एकामागून एक गाणे लावत होता. अभंग झाला, लावणी झाली, मग एक भारूड लागले. मी त्याला सहज विचारले, ‘‘हे कोण गातंय रे?’’ तो म्हणाला, ‘‘काय माहीत साहेब. पोरानं टाकून दिलंय.’’

‘टाकून दिलंय’ हे दोन शब्द आजच्या माझ्या विषयाचे सार आहेत. गाणे कोणी रचले, कोणी गायले, कोणी ध्वनिमुद्रित केले, याचा पत्ता नाही. ते कोठून तरी आले आणि कोणी तरी ‘टाकून दिले’. ज्याने टाकले त्याला आपण काही गैर केले असे वाटत नाही, आणि जो ऐकतो त्यालाही वाटत नाही. मग न्यायालयात खटले कशाचे चालतात? चोरी झाली असेल तर चोर कोण, आणि ज्याची चोरी झाली तो खरा धनी कोण? या प्रश्नांचा आज आपण शांतपणे विचार करू.

एका दुकानाची गोष्ट

सुमारे २०११ सालची गोष्ट सांगतो. आपल्याच परिसरातील एका बाजारगावातला एक तरुण त्याच्या वडिलांसह माझ्या कार्यालयात आला. त्याचे मोबाईल दुरुस्तीचे लहानसे दुकान होते. त्या काळी खेड्यापाड्यांत इंटरनेट आजच्यासारखे सुलभ नव्हते. लोक मोबाईलमधील मेमरी कार्ड काढून दुकानदारासमोर ठेवत, आणि वीस-तीस रुपयांत तो त्यावर शे-दोनशे गाणी भरून देई. बाजाराच्या दिवशी त्याच्या दुकानापुढे रांग लागे.

एके दिवशी एका संगीत कंपनीची माणसे आली. संगणक ताब्यात घेण्याची, फिर्याद नोंदवण्याची भाषा झाली. तो पोरगा घाबरून गेला होता. मला म्हणाला, ‘‘वकीलसाहेब, मी कुठं चोरी केली? चोरलं म्हंजी त्यांच्यापाशी राहायला नाही पाहिजे. गाणं तर त्यांच्यापाशी बी हायेच की!’’

बंधूंनो, या एका वाक्यापुढे जगभरातील कायदेपंडित वीस-पंचवीस वर्षे घुटमळत आहेत. शेतातून कोणी मोसंबीची पाटी उचलली तर झाड रिकामे होते. गाण्याची प्रत केली तर मूळ गाणे जागच्या जागी राहते. तरीही कोणाचे तरी काहीतरी हिरावले जाते, हेही खरे. ते नेमके काय, हे त्या पोराला मी त्या दिवशी समजावले नाही. मी व्यवहारी वकिलासारखा सल्ला दिला, ‘‘प्रकरण वाढवू नकोस, तडजोड कर.’’ त्याच्या वडिलांनी दोन म्हशी विकल्या आणि पैसे भरले. दुकान बंद झाले.

या गोष्टीचा उत्तरार्ध मला पुढे काही महिन्यांनी समजला. तो शेवटी सांगेन.

अमेरिकेतील खटले

या प्रश्नाची सुरुवात अमेरिकेत झाली. ध्वनिमुद्रित संगीताची एक मिनिटाची नोंद तबकडीवर सुमारे दहा मेगाबाइट जागा घेते. एमपीथ्री नावाच्या तंत्राने ती सुमारे एका मेगाबाइटवर आणली. गाणे एवढे आटोपशीर झाले की ते तारेवरून पाठवणे शक्य झाले. १९९९ मध्ये नॅपस्टर नावाची सेवा सुरू झाली. तुमच्या संगणकातील गाणी मला आणि माझ्या संगणकातील गाणी तुम्हाला, असा हा मामला होता. पैशाची देवघेव नव्हती. संगीत कंपन्यांनी त्याच वर्षी दावा लावला आणि जुलै २००१ मध्ये नॅपस्टर बंद पडले.

पण लोकांची सवय गेली नाही. नॅपस्टरला एक केंद्र होते, म्हणून ते बंद करता आले. त्यानंतरच्या सेवांना केंद्रच नव्हते. तेव्हा कंपन्यांच्या संघटनेने थेट घराघरांकडे मोर्चा वळवला. ८ सप्टेंबर २००३ रोजी एकाच दिवशी २६१ व्यक्तींवर दावे दाखल झाले. त्यांत न्यूयॉर्कमधील सरकारी घरकुलात राहणारी बारा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या आईने दोन हजार डॉलर भरून तडजोड केली. २००५ मध्ये तर एका दिवंगत वृद्धेच्या नावाने दावा दाखल झाल्याचे उघड झाले आणि तो मागे घ्यावा लागला. असे का घडले? इंटरनेटवरील क्रमांकावरून जोडणी कोणाच्या नावावर आहे एवढेच कळते. संगणकापुढे कोण बसले होते, हे कळत नाही.

मिनेसोटा राज्यातील एका महिलेने या दाव्यांपुढे न नमता खटला लढवला. चोवीस गाणी वाटल्याबद्दल २००७ मध्ये ज्युरीने तिला २,२२,००० डॉलर भरपाई ठोठावली. फेरसुनावणीत २००९ मध्ये हा आकडा १९ लाख २० हजार डॉलरवर गेला. न्यायाधीशांना तो अवास्तव वाटला आणि त्यांनी तो ५४ हजारांवर आणला. पुन्हा सुनावणी झाली, पुन्हा आकडा चढला, पुन्हा उतरवला गेला. अखेर २०१२ मध्ये अपिलीय न्यायालयाने मूळचे २,२२,००० डॉलर कायम केले. बोस्टनमधील एका विद्यार्थ्याला तीस गाण्यांसाठी ६,७५,००० डॉलरचा भुर्दंड बसला. त्याच सुमारास तेथे एक गाणे अधिकृतपणे ९९ सेंट्सना विकत मिळत होते, हे लक्षात घ्या. अपराध आणि शिक्षा यांत प्रमाण असावे, हा न्यायाचा पहिला धडा. तो सुटला की कायदा बरोबर असूनही लोकांच्या मनातून उतरतो.

सुमारे पस्तीस हजार लोकांवर कारवाई करून झाल्यावर डिसेंबर २००८ मध्ये त्या संघटनेने ही सरसकट दाव्यांची मोहीम थांबवत असल्याचे जाहीर केले. गाण्यांची फुकट देवघेव त्या दाव्यांनी थांबली नव्हती. पुढे ती कमी झाली, त्याला कारण ठरली सोय. थोड्या पैशांत, किंवा जाहिराती ऐकण्याच्या मोबदल्यात, हवे ते गाणे अधिकृतपणे मिळू लागले तेव्हा लोकांनी आपणहून वाट बदलली. सामान्य माणूस मुळात चोर नसतो. सरळ रस्ता खुला आणि परवडणारा असेल तर तो सरळच जातो.

आपल्याकडील कायदा आणि ‘अशोक कुमार’

आपल्या देशात घरोघरी अशा दाव्यांची लाट आली नाही. कंपन्यांचा रोख दुकानांवर आणि संकेतस्थळांवर राहिला. २०१२ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाच्या आदेशाने फुकट गाणी देणारी शंभराहून अधिक संकेतस्थळे बंद करण्यात आली. महाराष्ट्राने तर २००९ मध्येच ‘व्हिडिओ पायरेट’ म्हणजे चित्रफितींच्या चोरट्या प्रती काढणाऱ्यांना एमपीडीए या स्थानबद्धतेच्या कायद्याच्या कक्षेत आणले. झोपडपट्टीदादा आणि हातभट्टीवाले ज्या कायद्याखाली येतात, तोच हा कायदा.

आपला स्वामित्वहक्काचा मूळ कायदा १९५७ सालचा. त्याच्या कलम ६३ नुसार जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले. मात्र धंद्यातील नफ्यासाठी कृत्य केलेले नसेल तर कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. कलम ५२ तर खासगी, वैयक्तिक उपयोगासाठी केलेल्या रास्त वापराला संरक्षण देते. म्हणजे कायदा आंधळा नाही. आपल्यापुरते ऐकणारा आणि प्रती काढून विकणारा, यांच्यात तो भेद करतो.

हा भेद आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने फार नेमका मांडला आहे. चोर अज्ञात असेल तेव्हा दावा कोणाच्या नावे करायचा? इंग्रजी पद्धतीत त्याला ‘जॉन डो’ म्हणतात. आपल्याकडे या काल्पनिक प्रतिवादीचे नाव ‘अशोक कुमार’ असे पडले आहे. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच निर्माते न्यायालयात जातात, अज्ञात अशोक कुमारांविरुद्ध मनाई हुकूम मिळवतात आणि शेकडो संकेतस्थळे एका फटक्यात बंद होतात. त्यांत निरपराध संकेतस्थळेही भरडली जात. जुलै २०१६ मध्ये ‘ढिशूम’ या चित्रपटाच्या प्रकरणात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अशा सरसकट बंदीस नकार दिला. कोणत्या पत्त्यावर चोरटी प्रत आहे हे तपासून, शपथेवर सांगा, मग तेवढेच बंद करू, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच महिन्यात त्यांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. बंद केलेल्या पानावर अशी सूचना झळकत होती की, चोरटी प्रत नुसती पाहणे हाही दंडनीय गुन्हा आहे. न्यायमूर्तींनी ती सूचना दुरुस्त करायला लावली. गुन्हा पाहण्यात नसून प्रती वाटण्यात, सार्वजनिक प्रदर्शनात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हक्काचे रक्षण करायचे आणि अन्याय्य भीती पसरू द्यायची नाही, हा न्यायाचा समतोल महाराष्ट्रात राखला गेला, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे.

लग्नसराईतील प्रश्न

आता आपल्या अंगणातला प्रश्न. लग्नाच्या वरातीत गाणी वाजतात. त्यासाठी परवाना हवा का? मंगल कार्यालयांना संगीत संस्थांच्या नोटिसा येतात आणि वधूपिता आधीच खर्चाने वाकलेला असताना हा नवा खर्च कोठला, म्हणून गोंधळून जातो. कायद्याने याचे उत्तर दिलेले आहे. धार्मिक विधीच्या प्रसंगी गाणे वाजवल्यास हक्कभंग होत नाही, आणि धार्मिक विधीत विवाहाची मिरवणूक व विवाहाशी निगडित इतर सामाजिक सोहळेही येतात, असे कलम ५२ मधील स्पष्टीकरण सांगते. केंद्र सरकारच्या संबंधित विभागाने २४ जुलै २०२३ रोजी जाहीर सूचना काढून याची आठवणही करून दिली.

गोव्यात मात्र याच विषयावर संघर्ष झाला. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये या सवलतीच्या अंमलबजावणीसाठी एक परिपत्रक काढले. संगीत कंपन्यांनी त्याला आव्हान दिले आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये ते रद्द ठरवले. याचा अर्थ कलमातील सवलत गेली, असा नाही. ती संसदेने दिली आहे आणि ती कायम आहे. तिची व्याप्ती परिपत्रक काढून वाढवता येणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. विधी खरोखर विवाहाचा असावा. लग्नाच्या नावाखाली तिकीट लावून जलसा केला तर ती सवलत मागता येणार नाही. आपण सवलतीचा लाभ घ्यावा, पण तिच्याआड लपू नये.

खरा धनी कोण?

आतापर्यंत आपण कंपनी आणि प्रत काढणारा या दोघांचेच बोललो. तिसरा माणूस या गोष्टीत कोठे आहे? ज्याच्या गळ्यातून सूर निघाला, ज्याच्या लेखणीतून शब्द उतरले, तो?

मार्च १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात या प्रश्नाचा निकाल लागला. गीतकार आणि संगीतकार यांनी मोबदला घेऊन निर्मात्यासाठी काम केले की, वेगळा करार नसल्यास, चित्रपटातील त्या कृतीचा पहिला मालक निर्माता, असे न्यायालयाने ठरवले. कायदा तसाच होता. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालाला स्वतःचे टिपण जोडले आणि प्रत्यक्ष गाणाऱ्याला आपल्या कायद्यात काहीच हक्क नाही, याबद्दल खंत व्यक्त केली. लता मंगेशकर यांनी साठच्या दशकात गायकांना रॉयल्टी मिळावी असा आग्रह धरला होता आणि त्यावरून महंमद रफी यांच्याशी त्यांचा दीर्घ अबोला झाला होता, हे आपल्यातील ज्येष्ठांना आठवत असेल. गायक-वादकांच्या हक्काला कायद्यात जागा मिळायला १९९४ साल उजाडले.

मोठा बदल २०१२ मध्ये झाला. गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा प्रश्न लावून धरला आणि मे महिन्यात दोन्ही सभागृहांनी दुरुस्ती संमत केली. आता गीतकाराने आणि संगीतकाराने कागदावर काहीही लिहून दिले असले, तरी चित्रपटगृहातील प्रदर्शन वगळता अन्य वापराच्या रॉयल्टीतील त्याचा समान वाटा त्याला सोडून देता येत नाही. तो केवळ वारसांना किंवा हक्कसंस्थेकडे सोपवता येतो. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एफएम रेडिओ कंपन्यांच्या प्रकरणात या दुरुस्तीच्या आधारे गीतकार-संगीतकारांच्या बाजूने आदेश दिला.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, गाणी फुकट वाटणारा म्हणतो, ‘कंपन्या तरी कलावंताला कोठे देतात?’ त्याचा आक्षेप अनेकदा खरा असतो. पण त्यामुळे त्याची कृती खरी ठरत नाही. एकाने कलावंताच्या ताटातले अर्धे काढून घेतले म्हणून दुसऱ्याने उरलेले उचलावे, हा न्याय नव्हे.

पैठणचा दाखला

आपण पैठणच्या परिसरात बसलो आहोत. या विषयाचे आपल्या परंपरेतील उत्तर शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

छपाईपूर्व काळात ग्रंथ हाताने लिहून पसरत. प्रत करणे पुण्यकर्म होते. ज्ञानेश्वरी अशीच प्रतीवरून प्रत होत घरोघरी गेली. पण तीन शतकांत लेखकांच्या हातून पाठ बिघडले, कोणी आपल्या ओव्या त्यात घुसडल्या. नाथमहाराजांनी शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. आणि शेवटी बजावले की, जो कोणी या ग्रंथात आपली ओवी घालील, तो अमृताच्या ताटात करवंटी ठेवील. विचार करा, नाथांनी प्रत करण्यास बंदी घातली नाही. बिघाड करण्यास बंदी घातली. आजच्या कायद्याच्या कलम ५७ मध्ये लेखकाचा नैतिक हक्क सांगितला आहे. कृतीवर त्याचे नाव असावे आणि तिची मोडतोड होऊ नये, असे हे दोन हक्क. हक्क विकला तरी हे उरतात. नाथांनी नेमके हेच चार शतकांपूर्वी पैठणात सांगितले होते.

नावाचेही तसेच. नाथांची ‘एका जनार्दनी’ किंवा तुकोबांची ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा अभंगाच्या शेवटी येते. अभंग कोणीही गावा, कोठेही गावा, त्याला मोल नाही. पण गाणाऱ्याला शेवटी कर्त्याचे नाव घ्यावेच लागते, कारण ते त्या रचनेत विणलेले आहे. आपल्या संतांनी दान मुक्तहस्ते दिले आणि ऋण मात्र अमिट ठेवले.

तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवली गेली. ती तेरा दिवसांनी वर आली अशी श्रद्धा आहे. पण लोकांच्या मुखात आणि संताजी जगनाडे यांच्यासारख्या टाळकऱ्याच्या वह्यांत ते अभंग होते, हेही आपण जाणतो. प्रती होत्या म्हणून वाङ्मय तरले. म्हणून प्रत करणे हेच पाप, असे जर कोणी सांगेल तर मराठी माणसाला ते पटणार नाही, पटू नये.

आणखी अलीकडचे उदाहरण पाहा. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण प्रसारित होऊ लागले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत. छप्पन्न गीते. ती ऐकताना घरोघरच्या आया-बहिणींनी वह्यांत उतरवून घेतली. माझ्या आईची अशी एक वही आमच्या घरात आहे. ती चोरी होती का? कोणीही तसे म्हणणार नाही. त्या वहीच्या पहिल्या पानावर तिने दोघांची नावे सुवाच्य अक्षरात लिहिली आहेत, आणि पुढे पुस्तक निघाले तेव्हा वडिलांनी ते विकत आणले. वहीही राहिली, पुस्तकही आले. प्रत करणे आणि धन्याचे देणे चुकवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या पिढीला कोणी शिकवावे लागले नाही.

आपण काय करावे?

तेव्हा आपल्यासाठी चार साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, नाव. गाणे कोणालाही पाठवाल, कार्यक्रमात वाजवाल, तेव्हा गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे सांगा. मुलांना विचारा, हे कोणाचे आहे? याला पैसा लागत नाही.

दुसरी, मोल. हयात कलावंताचे गाणे अधिकृत मार्गाने ऐका. गावातील कलावंताला कार्यक्रमाला बोलावले तर नारळ आणि शालीवर बोळवण करू नका. त्याला पाकीट द्या. आपल्याकडे तबलजीला ‘सेवा समजा’ असे सांगतात आणि मंडपवाल्याला मात्र रोख मोजतात. हा आपला दोष आहे.

तिसरी, ज्ञान. रचनाकाराच्या निधनानंतर साठ वर्षे त्याचा हक्क चालतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्याचा हक्क १९९१ अखेर संपत होता, म्हणून ती वाढवली गेली. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून साठ वर्षे चालतो. त्यामुळे संतांचे अभंग तर सर्वांचेच आहेत. अण्णासाहेब किर्लोस्कर, देवल यांची नाट्यपदे आणि बालगंधर्वांच्या १९३० च्या दशकातील तबकड्या आज मुक्त आहेत. पण माडगूळकरांचे शब्द २०३७ अखेरपर्यंत हक्कात आहेत. जुन्या तबकड्या जपणाऱ्यांनीही मोठे काम केले आहे. मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकर आदींनी तबकडी संग्राहकांची संस्था उभी केली. अशांमुळेच अनेक आवाज आज आपल्या कानी पडतात. गावात कोणाकडे जुन्या तबकड्या वा फिती असतील तर भंगारात देऊ नका.

चौथी, सावधपणा. आपल्या गावचा भजनी, भारुडी, शाहीर यांच्यापुढे कोणी कागद ठेवला तर सही करण्यापूर्वी तो वाचून घ्या, जाणत्याला दाखवा. पारंपरिक अभंग सर्वांचा असला तरी त्याला बांधलेली नवी चाल तुमची आहे आणि गायलेला आवाज तुमचा आहे. आता तर यंत्राने हुबेहूब आवाज काढण्याचे तंत्र आले आहे. जुलै २०२४ मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आणि २०२५ मध्ये आशा भोसले यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने अशा आवाजचोरीला मनाई केली. मोठ्या कलावंतांना वकील मिळतो. आपल्या गावच्या कलावंतासाठी आपणच उभे राहिले पाहिजे.

उत्तरार्ध

आता त्या दुकानाच्या गोष्टीचा शेवट सांगतो.

तडजोडीनंतर काही महिन्यांनी कपाट आवरताना त्या प्रकरणाची फाईल हाती आली. तिला दुकानातील संगणकात सापडलेल्या गाण्यांची यादी जोडलेली होती. तेव्हा ती मी वाचलीही नव्हती. पहिल्याच पानावर ‘भारूड मिक्स ३’ असे लिहिले होते आणि त्याखाली आठ भारुडे होती. ती मी लहानपणापासून ऐकलेली होती. आमच्याकडचे एक वृद्ध भारुडी, आम्ही त्यांना तात्या म्हणत असू, यांनी ती बांधलेली आणि गायलेली होती.

मी तात्यांकडे गेलो. ओसरीवर बसले होते. मी सारी हकिगत सांगितली. त्यांनी कॅसेटच्या जमान्यातील आठवण सांगितली. एकाने शहरात नेले, दिवसभर गाऊन घेतले, जेवू घातले, काही पैसे हातावर ठेवले आणि कागदावर अंगठा घेतला. पुढे काय झाले त्यांना ठाऊक नव्हते. मी विचारले, ‘‘तात्या, तुमची भारुडं आता जीपगाड्यांत वाजतात, हे माहीत होतं का?’’

ते म्हणाले, ‘‘परवाच वडापमधी ऐकलं की. पोरं डोलत हुती. म्या म्हनलं, ह्यो आवाज माझा हाय. तर हसाया लागली. म्हनली, बाबा, तुमचा आसता तर नाव नसतं का आलं?’’

मी खाली मान घालून बसलो. कंपनीला तडजोडीचे पैसे मिळाले होते. पोराचे दुकान गेले होते, म्हशी गेल्या होत्या. मला माझे शुल्क मिळाले होते. आणि ज्याच्या आवाजासाठी हे सारे घडले, त्याला गाडीत आपला आवाज आपला आहे हे पटवून देता आले नव्हते. त्या दुकानदार पोराने एकच केले असते, त्या मथळ्यात ‘मिक्स ३’ ऐवजी तात्यांचे नाव घातले असते, तर निदान त्या दिवशी एका म्हाताऱ्याची मान गाडीत ताठ राहिली असती. आणि मी ती यादी वेळीच वाचली असती, तर त्या पोराला त्याच्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकलो असतो. गाणे त्यांच्यापाशी होतेच, हे खरे. हिरावले गेले होते ते नाव, आणि नावाबरोबर येणारी भाकरी.

तात्या पुढे दोन वर्षांनी गेले. त्यांची आठ भारुडे आम्ही काही मंडळींनी शोधून, नावासकट उतरवून ठेवली आहेत. तो दुकानदार पोरगा आता ठिबक सिंचनाच्या साहित्याचा व्यवसाय करतो. ती भारुडे लिहून काढताना शब्द लावायला तोच आमच्या मदतीला आला होता, कारण ती त्याला तोंडपाठ होती.

घरी जाताना गाडीत गाणे लागेल. चालकाला एकदा विचारा, हे कोण गातंय? आणि त्याला सांगता आले नाही, तर आपण शोधून सांगा.